शेवटच्या काचेवरचा निळा डाग

यातलं काहीही मी रचलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. आणि ती रात्रीची नाही. लख्ख, डोळे दिपवणाऱ्या दुपारची आहे.

म्हणूनच जास्त भीती वाटते. रात्री निदान दिवा तरी लावता येतो.

जाऊबाई रसायनशास्त्र शिकलेल्या. एका औषधांच्या कारखान्यामागे भिंतीने वेढलेलं आवार होतं, तिथे त्यांची नोकरी. कारखान्याचं सांडपाणी उन्हाने साफ करायचा प्रयोग चालला होता. उतरत्या काचा ओळीने मांडलेल्या. काचांवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर. पाणी त्यावरून ओघळत खाली यायचं, वरून ऊन, आणि पाण्यातलं रसायन तुटून जायचं.

त्यांची लेक चार वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आई दिवसभर करते तरी काय, असं तिने विचारलं की जाऊबाई सांगायच्या, पावडर म्हणजे सुरी, आणि ऊन म्हणजे ती सुरी धरणारा हात.

रोज सकाळी पाणी सोडण्याआधी काचांची परीक्षा व्हायची. कोरड्या काचांवर निळा रंग फासायचा. दुपारपर्यंत ऊन तो रंग खाऊन टाकायचं, काचा पुन्हा पांढऱ्याफटक. कुठे निळं राहिलंच, तर तिथली पावडर झिजली असं समजायचं.

नाहीतर तिथे कुणाची तरी सावली पडली होती...

त्या दुपारी शेवटच्या काचेवर निळं राहिलं.

रंग फासायचं काम आवारात साफसफाई करणाऱ्या मावशींचं. जाऊबाईंनी विचारलं तशा त्या फणकारल्या. इतक्या काचा उजळल्या त्याचं कौतुक नाही, एक राहिली की लगेच मावशी आठवते, म्हणाल्या. वर, ही पावडर वेळेत तोंडाला फासली असती तर सासूने काळी म्हणून टोमणे तरी मारले नसते, हेही ऐकवलं.

जाऊबाई हसत हसत काचेजवळ गेल्या.

हसू तिथेच थिजलं.

तो डाग नव्हता. त्याला डोकं होतं. खांदे होते. पुढे केलेला एक हात होता.

बाई होती ती.

ऊन सरकतं तशी सावलीही सरकते. कुणी सकाळभर काचेपुढे उभं राहिलं असतं, तरी आकाराच्या कडा पुसट झाल्या असत्या. या कडा कात्रीने कापल्यासारख्या होत्या.

आणि तिथे सकाळपासून कुणीच उभं राहिलं नव्हतं.

काचेशेजारी साफ पाण्याची टाकी होती. पुढे केलेला तो हात टाकीच्या नळाकडे वळला होता.

जाऊबाईंनी पावडरीचा थर खरवडून नवा चढवून घेतला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या काचा पांढऱ्या झाल्या. शेवटच्या काचेवर ती पुन्हा होती.

मग आवाज सुरू झाला.

भांडं भरायला लागलं की पाण्याचा आवाज कसा चढत जातो, ते तुम्हाला माहीत आहे. आधी घोगरा, मग बारीक, मग काठोकाठ. तसा आवाज जाऊबाईंच्या पाठीमागून आला. काठोकाठ भरला... क्षणभर थांबला...

आणि सगळं पाणी जमिनीवर ओतून दिल्याचा आवाज झाला.

त्या गर्रकन वळल्या. पंप बंद. नळ बंद. भांडं कुठेच नाही.

नळाखालची माती मात्र ओली होती.

रोज तेच. भरायचं आणि ओतून द्यायचं. कुणाला तरी ते पाणी प्यायचं नव्हतं, किंवा कुणाला पिऊ द्यायचं नव्हतं.

शेवटी जाऊबाईंनी मावशींना खोदून खोदून विचारलं. भिंत बांधायच्या आधी इथे वस्ती होती, एवढं त्या म्हणाल्या. वस्तीतले लोक कारखान्याच्या नाल्याचं पाणी भरायचे. तेही काचेसारखं दिसायचं म्हणे.

"मग पुढे?"

"मग वस्ती राहिली नाही."

एवढं बोलून मावशींनी बादली उचलली. त्यानंतर त्या शेवटच्या काचेला हात लावेनात. तिथे जाऊबाईच रंग फासू लागल्या.

इकडे कारखान्याच्या साहेबांना घाई झाली होती. साफ झालेलं पाणी कामगारांच्या वसाहतीत सोडायचं त्यांनी ठरवलं. जाऊबाईंचं घर त्याच वसाहतीत. ते पाणी भिंगरीच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येणार होतं.

जाऊबाईंनी परोपरीने समजावलं. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचा आहे. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही. रसायन अर्धवट तुटलं, तर त्याचे तुकडे कधीकधी मूळ रसायनाहून वाईट निघतात. साहेब हसले. तुम्ही दुधाने तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकायला बसता, म्हणाले. काचेवरच्या आकाराबद्दल बोलायची तर सोयच नव्हती.

मग प्रयोग बघायला पाहुणे यायचा दिवस उजाडला. पाळणाघराला सुट्टी, म्हणून भिंगरी आईबरोबर. साहेबांनीही आपल्या मुलीला आणलं होतं. नवा फ्रॉक घातलेली, भिंगरीपेक्षा थोडी मोठी, गोड पोर.

पाहुण्यांसमोर काचा एकामागून एक पांढऱ्या होत गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या काचेवर ती उभी होती. पाहुण्यांना वाटलं, मुद्दाम काढलेली नक्षी आहे. एकाने तर कल्पना छान असल्याचं साहेबांना सांगितलंही.

साहेबांनी नळ सोडून पेला भरला. लहान मूल पितंय म्हटलं की कुणी शंका घेत नाही, असं म्हणत त्यांनी तो भिंगरीच्या हातात दिला. जाऊबाई गर्दीच्या पलीकडे होत्या. वाट काढत येईपर्यंत पेला भिंगरीच्या ओठांना लागला होता...

पण ओठ उघडेनात.

पोर धडपडत होती. नाकाने श्वास फुसफुसत होता. तोंड मात्र घट्ट मिटलेलं, जणू कुणीतरी बाहेरून दाबून धरलंय. आणि तिच्या गालांवर पाणी उमटत होतं. ओल्या रेषा, एकाशेजारी एक.

बोटांच्या.

जाऊबाईंनी पेला हिसकावून फेकला. लेकीला उचलून छातीशी धरलं. हे पाणी कुणी प्यायचं नाही, असं त्या सगळ्यांसमोर बजावून म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला. पण माणूस हुशार. बाईंची लेक जरा लाडावलेली आहे, असं काहीतरी बोलून त्यांनी पाहुण्यांना हसवलं. दुसरा पेला भरला आणि स्वतःच्या मुलीला हाक मारली.

"साहेब, नका. पाया पडते."

"माझी मुलगी आहे, बाई. तुमची नाही."

मुलीने घटाघट पेला संपवला. फोटो निघाला.

तिचं तोंड कुणी धरलं नाही.

धरणारे हात बहुतेक अजून भिंगरीच्याच गालांवर होते...

दुसऱ्या दिवशी आवारात भांडं भरायचा आवाज आला नाही. जाऊबाई दुपारपर्यंत कान देऊन बसल्या. काहीच नाही. पाणी ओतलं गेलं नाही. माती कोरडी.

ऊन डोक्यावर आलं तशा त्या शेवटच्या काचेपाशी गेल्या.

बाई आता उभी नव्हती. उकिडवी बसली होती, मान खाली घालून. पुढे केलेला हात मागे घेतला होता. त्या हाताने तिने कुणाला तरी जवळ धरलं होतं.

एक छोटा आकार. फ्रॉकचा घेर स्पष्ट दिसत होता.

जाऊबाईंनी तिथूनच साहेबांच्या घरी फोन लावला. मुलगी झोपली आहे, असं साहेबांच्या बायकोने सांगितलं. हल्ली फार झोपते, ऊन सहन होत नाही म्हणते, असंही ती म्हणाली. हल्ली म्हणजे कधीपासून, असं जाऊबाईंनी विचारलं.

"कालपासूनच की."

प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला. पाण्यातलं रसायन तुटलं होतं, पण पुरतं नाही. जे तुकडे उरले होते, त्यातल्या एकाला अजून नावच नव्हतं. तोवर जाऊबाईंनी नोकरी आणि घर, दोन्ही सोडलं होतं. अहवालाचे कागद कुठे गेले कुणास ठाऊक. वसाहतीतले नळ ठरल्याप्रमाणे सुरू झाले.

मध्यंतरी त्यांच्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. आवाज मलाही ऐकू येत होता. शेवटच्या काचेवर सारखं निळं राहतं, पावडर बदलली तरी जात नाही, तुमच्या वेळीही असंच होतं का, असं ती विचारत होती.

जाऊबाईंनी हळूच विचारलं, "किती आहेत?"

"मोठा एकच आहे, ताई. मध्ये. आणि त्याच्याभोवती लहान लहान..."

पलीकडे ती काचेजवळ वाकली असावी.

"थांबा हं, मोजून सांगते..."

जाऊबाईंनी फोन ठेवून दिला.