करफूची धाप

सरका जरा आत, वारा सुटलाय. वीज काही इतक्यात येत नाही. तोवर फाकी शामेची गोष्ट ऐका. वळणावर सायकली दुरुस्त करतो तो. मला त्यानेच सांगितली. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलंय.

फाकीची पोरगी मैमुना मस्कतला घरकामाला गेलेली. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर फोनवर तिचा चेहरा यायचा. बापाशी चार शब्द, की लगेच, "बाबा, करफूला दाखवा." करफू तिची मांजर, वाळल्या लवंगेच्या रंगाची, म्हणून नावही लवंगेचंच. आपल्या पेंबा बेटावर करफू नावाच्या मांजरी गल्लीगल्लीत सापडतील, पण ही तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली.

त्या वर्षी शाबान महिन्यात करफूला धाप लागली. मान पुढे काढून, तोंड उघडं टाकून बसायची. पोट भात्यासारखं चालायचं. दोन शुक्रवार फाकीने "बाहेर हिंडतेय" म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या वेळी पोर म्हणाली, "बाबा, मेली असेल तर सांगून टाका. मी रडून घेईन."

 पुढच्या गुरुवारी सकाळीच फाकीने मांजर झाकणाच्या टोपलीत घातली आणि बंदरावर गेला, गुरांच्या दवाखान्यात.

"डॉक्टर गायींना लस टोचायला गेलेत," कारकून म्हणाला. "सोमवारी या."

"सोमवारपर्यंत ही टिकायची नाही."

"काका, ही दूध देते? मग आमच्याकडे कशाला आणलीत?"

शेजारी माणसांच्या औषधांचं दुकान. दुकानदाराने टोपलीत डोकावून पाहिलं आणि हात मागे घेतला. "मी काहीतरी द्यायचो, ही मरायची, आणि तुम्ही जन्मभर मला शिव्या घालायचात. नको." मात्र डॉक्टरचं घर कुठे ते त्याने सांगितलं. पार बेटाच्या उत्तर टोकाला.

फाकी गाडीत चढला. कंडक्टर म्हणाला, "टोपली टपावर." फाकी म्हणाला, "मग मीही टपावर." भांडून भांडून टोपली मांडीवर राहिली, पण शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून बसला. दुपार उलटल्यावर घर सापडलं. डॉक्टरची बायको पडवीत कसावा सोलत होती.

"ते? अहो, आत्ताच निघाले. तुमच्याच बाजूला गेलेत."

"फोन लावता का?"

तिने सुरीने आत दाखवलं. फोन भिंतीला चार्जिंगला लावलेला होता.

फाकी पायरीवर बसला. हसावं की दगड उचलून त्या फोनवर घालावा, त्याला कळेना. बाईने पाणी दिलं. टोपलीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. परतीची गाडी आली ती लवंगांच्या पोत्यांनी भरलेली, थांबलीच नाही. मग तो चालत निघाला.

मगरिबची नमाज झाली, रात्रीची इशाही झाली. चंद्र उगवायचा होता. लवंगांच्या बागांमधून रस्ता जातो ना, जिथे गुरांना औषधाच्या पाण्यातून काढायचा जुना हौद आहे, तिथवर तो आला. हौदाशेजारच्या खोलीत उजेड दिसला. फाकीला वाटलं, सापडला एकदाचा डॉक्टर. रागारागाने त्याने दार ढकललं.

आत एक बाई बसली होती. पांढरा अंगरखा. पुढे टेबल, टेबलावर कंदील.

"सकाळपासून हिंडतोय मी," फाकी म्हणाला. "एकाला दूध हवं, एकाला टोपली टपावर हवी, एकाचा फोन भिंतीला. तुमच्या खात्यात कुणी माणूस आहे की नाही?"

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हिला त्रास कशाचा?"

"श्वासाचा. ऐकू येत नाही का?"

"श्वासाचाच ना? दुसरा कसला नाही?"

"श्वासाचाच हो. किती वेळा सांगू?"

"मग तो काढते."

फाकी पार वैतागला होता. "काय काढायचं ते काढा," तो म्हणाला. "एकदाची मोकळी करा तिला."

बाईने करफूला टेबलावर घेतलं. करफू नखं काढेना, हलेनाही. बाईने तिच्या उघड्या तोंडापाशी हात नेला. बोटं आत... फार आत गेली. मग हात बाहेर आला. मूठ मिटलेली.

खोलीत धाप चालूच होती. तीच शिट्टी. तशीच घरघर.

पण मांजरीच्या तोंडातून नाही.

मुठीतून.

फाकीने कंदिलाकडे पाहिलं. बाईकडे पाहिलं नाही. बाई म्हणाली, "न्या आता." मूठ तिने कानाशी धरली होती... ऐकत होती.

त्याने मांजर उचलली. टोपली तिथेच राहिली. तो पळाला. मागे घरघर... मग बागा... मग काही नाही.

घरी आल्यावर करफूने वाटीभर मासळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मैमुनाने तिला फोनवर पाहिलं आणि हसत हसत रडली. "बाबा, किती शांत बसलीय हो," म्हणाली. फाकी हो म्हणाला. त्या रात्रीबद्दल त्याने तिला काही सांगितलं नाही.

सोमवारी डॉक्टर आपणहून मोटरसायकलवर आला. बायकोने निरोप दिला होता म्हणे. मी तेव्हा फाकीच्या दुकानात चाकात हवा भरून घेत होतो, करफू दारातच पडलेली. फाकी म्हणाला, "आता बरी आहे ती." डॉक्टर म्हणाला, "आलोच आहे तर बघतो." त्याने नळी कानाला लावली, करफूच्या छातीवर ठेवली. जागा बदलली. नळीवर टिचकी मारली. स्वतःच्या छातीवर लावून पाहिली. परत तिच्या.

मग खिशातून लहानसा आरसा काढून त्याने तिच्या नाकापुढे धरला. बराच वेळ.

आम्ही तिघेही आरशाकडे पाहत होतो. आरसा स्वच्छ होता, वाफेचा ठिपकाही नाही.

"कधीपासून..." डॉक्टर म्हणाला. पिशवी उचलून निघून गेला.

करफू उठली, अंग ताणलं, आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. उबदार होती. मी तिच्या पोटावर हात ठेवला...

अजून आहे ती. जाऊन पाहा हवं तर. सकाळी जा.