जळू आणि रोगी

सांगलीत डॉक्टर शिरगोपीकरांच्या दवाखान्याकडे आता कुणी फिरकत नव्हतं. त्यांचा चेहराच कुणाला दिसत नव्हता. पांढऱ्या कोटाच्या कॉलरमधून वर आलेली फुगलेली जळू दिसायची. आरशात त्यांना स्वतःलाही तीच दिसे. बरं झालं. त्यांची लायकी तीच होती.

ही करामत व्यंगचित्रकार यशवंत कारखानीसांची. त्यांच्या बायकोची, उर्मिलाची, पोटदुखी डॉक्टरांनी तीन दिवस ‘बायकांचे नखरे’ म्हणून हसण्यावारी नेली. चौथ्या दिवशी आतडं फुटून ती गेली. चौकशी समितीने डॉक्टरांना निर्दोष सोडलं, तेव्हा कारखानीसांनी मेंदूतज्ज्ञ इरावती सबनीसांना गाठलं.

इरावतीबाईंनी समजावून सांगितलं, की मेंदू चेहरा जसाच्या तसा साठवत नाही. चारचौघांपेक्षा तो कुठे वेगळा आहे, तेवढंच टिपून ठेवतो. व्यंगचित्रकार नेमकं तेच वाढवतो. इरावतीबाईंनी बनवलेलं यंत्र त्या रेषा आणखी ताणून ‘अतिरेखा’ तयार करी. ती एकदा पाहिली, की मेंदूतली जुनी नोंद पुसली जाऊन तिथे हीच बसे.

“मूळ चेहरा परत कधीच दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “विचार करा.”

“तीन वर्षं तोच केलाय, बाई.”

डॉक्टर मंडळींवरची जुनी व्यंगचित्रं कारखानीसांच्या नजरेखालून गेली होती: जळवा लावणारे, भल्यामोठ्या पिचकारीने एनिमा देणारे, यमाशी भागीदारी करणारे. त्या चित्रांचा एक रिवाज होता. शेजारी रोगी हवाच, आणि तोही हास्यास्पद. सरावलेल्या हाताने त्यांनी शिरगोपीकरांची जळू काढली, शेजारी खाट काढली, खाटेवर उर्मिला काढली. बटाट्याएवढे डोळे, लोंबती जीभ. यंत्राने दोन्ही चेहरे ताणले आणि सकाळी चित्र राज्यभरच्या पडद्यांवर झळकलं.

घरातल्या फोटोंतही उर्मिला तशीच दिसू लागली. कारखानीसांनी दातओठ खात फोटो कपाटात टाकले. डॉक्टर संपला होता. त्यापुढे एवढं सोसायची त्यांची तयारी होती.

पंधरा दिवसांनी पुण्याला शिकणारी त्यांची मुलगी ओवी तोंडाला ओढणी गुंडाळून घरी आली. वर्गात शिरलं की सगळे हसतात, शिक्षकसुद्धा, असं तिने सांगितलं. मग ओढणी सोडली.

“बाबा, मी हुबेहूब आईवर गेलेय. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?”

ती रडत होती. कारखानीसांना भडभडून आलं. तिला जवळ घ्यायला ते उठले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. ते काही केल्या थांबेना.