डाव्या कानाचं अपील

हवालदाराच्या बायकोचं मत असं होतं की, नवऱ्याला बहिरेपण आहे ते फक्त सोयीचं. बाजारात जायचं म्हटलं की ऐकू येत नाही, चहा ठेवला की येतं. पण त्या दिवशी सकाळी अकराला माजी सैनिकांच्या अपील कार्यालयाच्या पायऱ्या चढताना मात्र ती थट्टेच्या मूडमध्ये नव्हती. ती आपणहून त्याच्या उजव्या बाजूला आली. डाव्या बाजूने बोलून काही उपयोग नव्हता, आणि आता उजवा कानही दगा द्यायला लागला होता.

दावा साधा होता. एकतीस वर्षांपूर्वी आघाडीवर खंदकाजवळ तोफगोळा फुटला आणि हवालदाराचा डावा कान गेला. हे सरकारने मान्य केलं तर सैनिकी इस्पितळात ऑपरेशन होणार होतं आणि उरलेला कान वाचणार होता. नाहीतर वर्षभरात सगळंच शांत, असं डॉक्टरने सांगितलं होतं.

पहिल्यांदा दावा फेटाळला तो हवालदाराच्याच जबाबामुळे. त्याने लिहून दिलं होतं, ‘बार झाला त्या क्षणापासून मला काहीही ऐकू आलं नाही.’ आणि त्याच संध्याकाळी छावणीतल्या डॉक्टरने नोंद केली होती, ‘डाव्या कानात शिट्टी वाजते, पण ऐकू येते.’ कान खरोखर गेला होता, फक्त पंधरा दिवसांनी. खरा दावा खोट्या वाक्यापायी बुडाला.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी फाइल उघडून त्याच जबाबावर बोट ठेवलं. “जबाबात दुरुस्ती करायची असेल तर आजच करा. आज शेवटचा दिवस आहे. नाहीतर तुमच्या बाजूने बोलणारा एखादा साक्षीदार तरी आणा.”

“अहो, करून टाका ना,” बायको म्हणाली. “तेव्हा घाबरला होतात, चुकून लिहिलं म्हणावं. त्यात लाज कसली?”

हवालदाराने मान हलवली. “दुरुस्ती काही नाही. आणि साक्षीदार कुणी उरलेला नाही.”

ते वाक्य चुकून लिहिलेलंच नव्हतं. खंदकात त्याच्यासोबत आणखी एकजण होता, काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला काडीच म्हणत. हवालदाराहून दोन वर्षांनी लहान, त्याला दादा म्हणायचा. गोळा पडला, खंदकाची भिंत कोसळली आणि काडी मातीखाली गेला. दहा पावलांवर हवालदार जमिनीला चिकटून पडला होता. मातीखालून हाका येत होत्या. दादा... दादा... अर्धा तास येत होत्या, मग कायमच्या थांबल्या. प्रत्येक हाक त्याला स्वच्छ ऐकू आली आणि त्याचा पाय काही उचलला गेला नाही. नंतर सगळ्यांना त्याने सांगितलं, कानच बंद पडले होते. कोणी दोष दिला नाही. बायकोलाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि आता ते मागे घेण्याची त्याला हिंमत नव्हती.

मग कानांची तपासणी. ती खोली म्हणजे काचेची एक खिडकी असलेली, आतून जाड स्पंज लावलेली पेटीच होती. तपासणी करणाऱ्या मुलीने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. “काका, आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी.” मग तिने दार लावलं. दार लागताच बाहेरच्या जगाचा आवाज संपला.

उजव्या कानात टिक टिक सुरू झाली. काही आवाज त्याला ऐकू आले, बरेच निसटले. मग बराच वेळ काहीच नाही. खोलीत एकाएकी ओल्या मातीचा वास आला. स्पंजचा असेल, त्याने स्वतःला समजावलं.

“दादा...”

डाव्या कानात. एकतीस वर्षं मेलेल्या कानात, स्वच्छ.

“दादा, ऐकू येतंय का? येत असेल तर दाब ना... एकदाच.”

अंगठा बटणावरच होता. दाबलं तर कान चांगला ठरणार, अपील संपणार. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला अपील आठवतही नव्हतं. तो फक्त भ्यायला होता, तेव्हा भ्यायला होता तसाच. त्याने अंगठा उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. हाका येत राहिल्या. हळूहळू बारीक होत गेल्या, त्या दिवशी झाल्या होत्या तशाच.

दार उघडलं. “सॉरी काका, मशीन अडकलं होतं. आता डावा कान सुरू करू या.”

“म्हणजे... अजून केला नव्हता?”

“नाही ना. अर्धा तास बंदच होतं.”

मग तिने डावा कान तपासला. एकही आवाज ऐकू आला नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. बायकोने त्याच्या उजव्या बाजूला बसून मोठ्याने वाचला. अपील मंजूर. ऑपरेशन मंजूर. तिने बोट पुढच्या ओळीवर नेलं. “आणि कारण ऐका. ‘त्याच खंदकातला सोबती तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहिला. त्याचा जबाब विश्वासार्ह वाटतो. तो म्हणतो, मी दहा पावलांवरून अर्धा तास हाका मारल्या. दादाला ऐकू आलं असतं तर तो आलाच असता.’”

इतकी वर्षं शिवी ऐकायची हवालदाराची तयारी होती, याची नव्हती.

“तुम्ही तर म्हणालात कुणी उरलं नाही. देवमाणूस हो,” बायको म्हणाली. “खाली एक विनंतीही केलीय त्याने. ‘ऑपरेशन झाल्यावर दादाला नीट ऐकू येऊ लागलं की मला कळवावं. मी पुन्हा हाक मारून बघेन.’ कळवू या ना?”

“कुठे कळवणार?” त्याने कसंबसं विचारलं.

तिने कागद उलटून पाहिला. “पत्ता दिलेला नाही. नुसतं लिहिलंय, अर्जदाराला ठाऊक आहे.”