पौर्णिमेची गरी

"मॅडम, अस्वलझिरीच्या तलावात माणूस बुडाला. पिऊन होता म्हणतात," हवालदार दारातूनच म्हणाला.

उपनिरीक्षक दामिनी बिसेन हिने चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला. बुद्ध पौर्णिमा होती. साऱ्या जगाला सुट्टी, आणि पोलिसांच्या नशिबी संध्याकाळच्या मिरवणुकीचा बंदोबस्त. त्यात हे. तिने टोपी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

नाकाडोंगरी मागे पडल्यावर डांबर संपलं, मग मोबाईलची रेंज संपली. जंगलातून धक्के खात जीप तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाशी, येऊन थांबली. पाळीवर विजेचा खांब, खांबाजवळ एका शेतकऱ्याचा मोटरपंप. त्याचा घरघराट एवढा की हवालदाराला ओरडून बोलावं लागत होतं. दामिनीचं डोकं तिथेच उठलं.

प्रेत काठावर ठेवलं होतं. आनंदराव गजभिये, तुमसरचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. चपला काठावर नीट जोडून ठेवलेल्या. बाजूला गरीची काठी, गळाला गांडूळ लावलेलं. आणि शर्टाला मोहाच्या दारूचा असा वास की माणूस दोन हात लांबूनच नाक धरेल.

तिघे मित्र झाडाखाली बसले होते. निवृत्त मास्तर मधुकरराव, आटाचक्कीवाला तेजराम आणि किराणा दुकानदार भोजराज, ज्याच्या गाडीतून सगळे आले होते. आनंदराव धरून चौघे, वीस वर्षांपासून दर वैशाखात याच तलावावर मासे धरायला यायचे. दोन रात्री तंबूत, तिसऱ्या दिवशी घरी.

काय झालं ते भोजराजने सांगितलं.  आनंदराव पहाटेच उठला असेल, तेजरामची बाटली त्याने रिकामी केली, गरी घेऊन पाण्याशी गेला आणि पाय घसरला. इतकं सरळ.

"बाटली कोनाची?" दामिनीने विचारलं.

तेजरामने मान खाली घातली. "माही. रात्री अर्धी होती. सकाळी पायतो तं रिकामी."

"रात्री भांडण झालं होतं?"

तो दचकला. भांडण झालं होतं खरं. आनंदरावाने त्याला पिण्यावरून टोकलं होतं आणि तेजराम वाटेल ते बोलला होता. हवालदाराने दामिनीकडे सूचक नजरेने पाहिलं. तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पाण्याकडे गेली.

तलावाचा एक कोपरा आत वळला होता. तिथे पाण्यात खुंटी ठोकलेली, खुंटीला जाळीची पिशवी. धरलेले मासे घरी नेईपर्यंत जिवंत राहावेत म्हणून असं बांधून ठेवतात. पिशवी रिकामी होती. फाटलेली नव्हती, तोंडाची गाठ सोडलेली होती. आसपास माशांची चिमुकली पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती, त्यांच्यात एक बेडूकही. एवढ्याच कोपऱ्यात. बाकीचा तलाव साफ.

"उन्हाळा आहे, मॅडम," भोजराज मागून म्हणाला. "पानी तापलं की मरतेत."

"पिशवीत काय होतं?"

"तीन मोठे रोहू," मधुकरराव म्हणाले. "काल धरले होते, आनंदरावाने दोन आणि तेजरामने एक."

"आणि तुमी, भोजराजभाऊ?"

 त्याच्या वतीने तेजरामच बोलला, आणि त्या परिस्थितीतही त्याच्या आवाजात थट्टेची जुनी खोड आली. भोजराजला मासा लागतच नाही म्हणे. म्हणून त्याच्याकडे वांगी आणायचं काम. वीस वर्षांत त्याचं नावच 'वांगेशेठ' पडलं होतं. भोजराजने ओठ घट्ट दाबले.

दामिनीने मास्तरांना बाजूला घेतलं. प्रेत पाण्यात दिसलं तेव्हा काय काय झालं, क्रमाने सांगा म्हणाली. मास्तर माणूस, त्यांनी धडा सांगावा तसं सांगितलं. मोटरपंप अचानक सुरू झाला, त्या आवाजाने तिघेही जागे झाले. भोजराज सगळ्यात आधी बाहेर पडला. कोपऱ्यात आनंदराव पालथा तरंगत होता.

"मी धावलोच होतो. पन भोजराजनं मले धरलं. 'पान्यात उतरू नका, गाळ आहे' म्हणून ओरडला आन् सोता पाळीवर पळाला, शेतवाल्याले बलवाले. मंग परत आला, आमी तिघायनं बाहेर काढला."

"मंग?"

"मंग मी आन् तेजराम रेंज शोधत सडकेवर गेलो. भोजराज थांबला प्रेताजवळ. 'पिऊन बुडाला असंल' म्हनला, आमी तेच फोनवर सांगतलं."

शेतकऱ्याचं नाव चिंधू. त्याला भोजराज काही बोलवायला आला नव्हता. तो घरी झोपला होता. मोटर ऑटोवर ठेवलेली असते, या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन सकाळी येते अन् दुपारी जाते, आली की मोटर आपोआप सुरू होते, तिथे जागं कोण बसणार, असं तो म्हणाला. दामिनीने खांबाकडे बराच वेळ पाहिलं.

प्रेत तुमसरच्या दवाखान्यात गेलं. तिथे मंगलाबाई, आनंदरावांची बायको, बाकावर ताठ बसून होत्या. रडत नव्हत्या. दामिनी शेजारी बसली तशा त्या बोलल्या, आणि आपल्याशीच बोलत असल्यासारख्या हळू बोलल्या. सकाळी दहाला आनंदराव विहारात हजर राहणार होते. पांढरे कपडे त्यांनीच पिशवीत घालून दिले होते. पौर्णिमेला ते मुंगीसुद्धा मारत नसत. दारू सोडली त्याला मुलीच्या वयाएवढी वर्षं झाली.

"मेले ते मी सोसीन, मॅडम. मानूस मरतेच. पन बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, पांढऱ्या कपड्यात, पिऊन मेले? सारी वस्ती तेच बोलून राहिली. संध्याकाळी उचलतीन. तवापर्यंत मले खरं काय ते पाह्यजे. खोटं नाव घेऊन मी त्यायले जाऊ देनार नाई."

 दामिनीने संध्याकाळच्या आत सांगते असं कबूल केलं आणि कबूल केल्यावर तिला स्वतःचाच राग आला, कारण हातात अजून काहीच नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. पोटात रात्रीचा भात आणि वांग्याची भाजी. दारूचा थेंब नाही, ती फक्त कपड्यांवर. आणि बुडालेल्या माणसाच्या फुफ्फुसात जसं पाणी सापडतं तसं नाही. कशाने गेले हे लगेच सांगता येणार नाही, पण बुडून नव्हे.

लाईन जायच्या आत तलावावर पोचायला हवं होतं. जीपमध्ये ड्रायव्हर, ती, आणि मागे मंगलाबाई. त्या ऐकायलाच तयार नव्हत्या.

पंप अजून घरघरत होता. हवालदाराला दामिनीने पाळीवर, खांबाला टेकून उभं केलं. तिघांना कोपऱ्यापाशी आणलं.

"आनंदरावांचा चष्मा सापडत नाही. पान्यात असंल. उतरा आन् चाचपा."

मास्तर धोतर खोचून उतरले. तेजराम उतरला. भोजराज काठावर थांबला. त्याने मान वर करून खांबाकडे पाहिलं, खांबाशी उभ्या हवालदाराकडे पाहिलं, आणि एक पाऊल मागे सरला.

"गाळ आहे," तो म्हणाला.

"कुठं आहे गा गाळ?" तेजराम गुडघाभर पाण्यात उभा होता. "मुरूम आहे खाली."

"या वर," दामिनी म्हणाली. "चष्मा दवाखान्यातच आहे, त्यांच्या खिशात होता. भोजराजभाऊ, वायर कुठं टाकली?"

त्याने पुन्हा खांबाकडे पाहिलं. मग तीच बोलली, आणि तिच्या आवाजातली सकाळपासूनची चिडचिड गेली होती.

"मी सांगते. पौर्णिमेच्या दिवशी आनंदराव गांडुळाले हात लावनार नाई. आन् गळाले गांडूळ लावाले कोनी इस्त्रीचे पांढरे कपडे घालत नाई. म्हणजे गरी मागून ठेवली. दारू पोटात नाई, शर्टावर आहे. म्हणजे तेही मागून झालं. प्रेताजवळ एकटे कोन होते? तुमी. हे दोघं सडकेवर होते."

"मरायचं कारन?" मास्तरांनी विचारलं.

"करंट. एवढ्याच कोपऱ्यातले पिल्लं मेले, बेडूकही मेला. ऊन काय एवढ्या कोपऱ्यापुरतं पडते? भोजराजभाऊनं अंधारात, लाईन नसताना, खांबावर आकडा टाकला आन् वायर पान्यात सोडली. लाईन आली की मोटर वाजन, मंग मोठा मासा तरंगन, आन् वांगेशेठ म्हननाऱ्यायची तोंडं बंद होतीन. मोटर वाजली. हे बाहेर आले तं मासा नाई, मित्र तरंगत होता. जीवलग मित्र पान्यात आन् हा मानूस पान्यात नाई उतरत, पाळीवर पळते. कोनाले बलवाले? चिंधूकडे तं कोनी गेलंच नाई. आकडा काढाले पळाले. आन् मास्तरले अडवलं, कारन पान्यात काय आहे ते यायलेच मालूम होतं. तेवढं एक चांगलं केलं."

भोजराजची नजर आपल्या गाडीकडे गेली. हवालदाराने त्याच्या गाडीतून, वांग्याच्या पोत्याखालून, चिखलाने भरलेली वायर काढून आणली.

"पन आनंदराव पान्यात कायले उतरला?" तेजरामचा आवाज फाटला.

दामिनी मंगलाबाईंकडे वळली. "पिशवीची गाठ सोडलेली होती. मेलेल्यात एकही रोहू नाई. लाईन येन्याच्या आधीच ते मासे खोल पान्यात गेले. आज पौर्णिमा म्हणून त्यायनं सकाळी आंघोळ केली, पांढरे कपडे घातले, चपला काढून ठेवल्या, आन् तीनही मासे सोडून देले. मागं फिरतच होते, तेवढ्यात लाईन आली."

मंगलाबाई खाली बसल्या. आता मात्र त्या रडल्या, तोंडाला पदर लावून, बराच वेळ. कोणी जवळ गेलं नाही.

"वहिनी," भोजराज पुटपुटला, "चुकून झालं वो. तो माह्या भावासारखा होता. पिऊन बुडाला म्हटलं तं कोनी पुसनार नाई, असं वाटलं."

मंगलाबाईंनी डोळे पुसले. "करंट चुकून लागला, भोजराजभाऊ. दारू चुकून नाई सांडली." मग त्या बाकी दोघांकडे वळल्या. "आन् तुमी? वीस वर्षं त्यायच्या संग जेवले. हा मानूस पीत नाई, हे एकाच्याही मनात नाई आलं?"

तेजरामने तोंड फिरवलं.

संध्याकाळी वस्तीत अंत्ययात्रेची तयारी झाली होती. भोजराज कोठडीत होता. मिरवणुकीचा बंदोबस्त सोडून दामिनी विहाराच्या फाटकाशी उभी होती. तिला जायला हवं होतं, पण पाय निघत नव्हते. माणसं जमली होती, पण थोडी लांब, कुजबुजत.

बुद्धवंदनेसाठी लावलेला माईक मधुकररावांनी हातात घेतला. तीस वर्षं वर्ग चालवलेला माणूस, पण त्यांनी तो तसाच तेजरामपुढे धरला. तेजरामने त्यांच्या हातातून माईक घेतला.

"आनंदराव प्याला नोता," तो म्हणाला. "मासे सोडाले गेला होता. आमी खोटं पसरवलं."

लांब उभी असलेली माणसं हळूहळू जवळ आली. आनंदरावांच्या उशाशी उभ्या मंगलाबाईंनी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"आता उचला," त्या म्हणाल्या.