अंगठ्याचा दोरा

आमच्या काकूंना थापा मारता येत नाहीत. स्वयंपाक बिघडला तर पाहुणे जेवायला बसायच्या आधीच सांगून टाकतात. त्यामुळे त्यांनी सांगितलेली ही गोष्ट खरी आहे, याबद्दल मला तरी शंका नाही.

आणि अंधाराची वाट बघू नका. हे सगळं दुपारी घडलं. लख्ख उन्हात, काकांच्या शिलाईच्या दुकानात.

दुकान म्हणजे एक खोली. एक मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि पुढे शटर. बाहेर पायरीला लागून एक मोटरसायकल उभी असायची.

काकांच्या मुलाची.

मुलगा मागच्या वर्षी तापाने गेला. एकुलता एक. काकांना गाडी चालवता येत नव्हती, तरी रोज सकाळी ते ती घरापासून दुकानापर्यंत ढकलत आणायचे. "घरी एकटी कशाला ठेवायची तिला?" म्हणायचे.

त्या गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हँडल लॉक होतंच. वर साखळी आणली, जाडजूड कुलूप आणलं. तरी जीव थाऱ्यावर नाही, कारण त्यांची दुपारची झोप. ती काही सुटत नव्हती.

मग त्यांनी खास शिंप्याची युक्ती काढली. बटणं लावायचा जाड दोरा घेतला. एक टोक गाडीच्या पुढच्या चाकाला बांधलं. दुसरं शटरखालून आत घेऊन स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. गाडी हलली की अंगठा हलणार!

"गाडीबरोबर एक दिवस तुम्हीही जाल फरफटत," काकू म्हणाल्या.

"गेलो तर गेलो."

काही दिवस शांततेत गेले.

मग एका दुपारी... अंगठ्याला ओढ बसली.

काका धडपडत उठले. शटर वर केलं.

गाडी जागच्या जागी. कुलूप लागलेलं. गल्लीत चिटपाखरूसुद्धा नाही.

असेल एखादं कुत्रं, म्हणून ते परत आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच...

हळूच एक हिसका. जरा थांबून आणखी एक.

या वेळी काका उठले नाहीत. त्यांना दरदरून घाम फुटला.

ही ओढ त्यांच्या ओळखीची होती.

मुलगा लहान असताना दुकानातच खेळायचा. हाक मारून उठवलं तर बाबा ओरडतात, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो गुपचूप पायाशी यायचा, अंगठा दोनदा ओढायचा आणि टेबलाखाली लपायचा.

संध्याकाळी त्यांनी काकूंना सांगितलं. काकू दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेल्या आणि पायरीवरच बसून राहिल्या. नजर दोऱ्यावर.

दोरा जमिनीवर सैल पडला होता. त्यावरून एक मुंगी चालली होती.

आतून काकांचा आवाज आला. "आला गं... आला."

दोरा हललाच नव्हता. मुंगीसुद्धा थांबली नव्हती.

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. "सोडा तो दोरा. मला भीती वाटते हो."

"आपल्याच पोराची कसली भीती?"

त्यानंतर काका दुपारची वाटच बघायला लागले. घाईघाईत चार घास खायचे आणि आडवं व्हायचं. कितीतरी महिन्यांनी ते मशीनवर गुणगुणायला लागले होते. काकूंना ते बघून बरंही वाटायचं आणि त्याचीच धास्तीही वाटायची.

आणि मग तो दिवस आला.

दोन ओढी आल्या. काका डोळे मिटूनच हसले.

पुन्हा दोन.

पुन्हा... या वेळी जोरात. दोरा कातडीत रुतला.

"झोपू दे रे जरा," काका कुशीवर वळत म्हणाले. तो लहान असताना म्हणायचे, अगदी तसंच.

ओढ थांबली.

चहाच्या वेळेला ते उठले. शटर वर केलं. पायरीशी तुटलेली साखळी पडली होती.

गाडी नव्हती.

दोरा मात्र कुठे तुटला नव्हता. चाकाकडची गाठ नीट सोडवलेली होती. एवढ्या फुरसतीने गाठ सोडवत कोणता चोर बसेल?

काका पायरीवर मटकन बसले. गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही त्यांनी. "तो मला उठवत होता गं," एवढंच काकूंना म्हणाले. "आणि मी त्याला झोपू दे म्हणालो."

पोलिसांत तक्रार झाली. गाडी मिळाली नाही. काका मात्र अजूनही रोज दुपारी अंगठ्याला दोरा बांधून पडतात. दुसरं टोक बाहेर पायरीवर, मोकळंच. पण ओढ काही येईना. त्यांचं खाणंपिणं सुटलं, माणूस निम्मा झाला.

शेवटी काकूंना राहवेना. मागच्या महिन्यात एका दुपारी त्या पावलं न वाजवता दुकानापाशी गेल्या. ठरवूनच गेल्या होत्या. आपणच दोनदा ओढायचं. खोटं तर खोटं, निदान एकदा हसतील तरी.

त्या दोऱ्याशी वाकल्या. हात पुढे केला...

"उठलो रे, उठलो!" आतून काका ओरडले.

पाठोपाठ टेबल सरकवल्याचा आवाज आला. काका टेबलाखाली शोधत होते.

काकूंचा हात दोऱ्यापासून अजून वीतभर लांब होता.

त्या तशाच मागे फिरल्या. काकांना त्यांनी अजून काही विचारलेलं नाही. त्यांचं हे सांगून झाल्यावर मी विचारलं, "काकू, मग आत कोण होतं?"

त्यांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले आणि अंगठे हातांनी झाकून बसून राहिल्या.