कंटेनरच्या पोटातला आवाज

"कागदातून हृदय ऐकायचं? नो वे!" कैवल्य ओरडला.

"येस वे!" दिया ब्रश हलवत म्हणाली. "रेने लाएनेक, पॅरिसचा डॉक्टर. त्याने कागदाची घट्ट सुरळी एका बाईच्या छातीला लावली आणि ठोके स्पष्ट ऐकू आले! त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप निघाला."

समर कॅम्पमधल्या फ्रेंच शोधांच्या प्रदर्शनासाठी कैवल्य, दिया आणि कशफ ही तिघं पोस्टर्स रंगवत होती. जागा होती आखातातल्या अल क्वोज या कारखान्यांच्या भागातलं कशफच्या अब्बांचं, म्हणजे अहमदचाचांचं गोदाम. बाहेर जुलैचं ऊन पेटलं होतं.

"भिकाजीकाका जेवले नाहीत," कशफ एकदम म्हणाली. गोदामात माल बांधणाऱ्या भिकाजीकाकांचा डबा खिळ्याला तसाच लटकत होता.

"गेला असेल रूमवर!" सुपरवायझर सोमनाथ मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "आणि तुम्ही आवारात फिरकायचं नाही. यल्ला, चला, चित्रं काढा!"

"डबा सोडून रूमवर?" दिया कुजबुजली. "आणि आपल्याला बाहेर का जाऊ देत नाहीत? समथिंग इज फिशी!"

तिघं मागच्या दाराने सटकली. आवारात ट्रेलर निघायच्या बेतात होता. त्यावर सील लावलेला कंटेनर होता.

टक... टक...

"ऐकलंत?" कशफ थबकली.

"इंजिन असेल," कैवल्य म्हणाला.

कशफने पत्र्याला कान लावला आणि किंचाळून मागे झाली. "आई गं! तवा आहे तवा!"

दियाच्या हातात पोस्टर होतं. तिने ते झटकन गुंडाळलं. "पण इंजिन बंद व्हायला हवं!"

कैवल्य केबिनकडे धावला. "ड्रायव्हर अंकल! टायर पंक्चर!"

"कहाँ, बेटा?" ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला.

दियाने सुरळीचं एक टोक पत्र्याला लावलं, दुसरं कानाला. ती ओरडली, "आत कुणीतरी कण्हतंय!"

सोमनाथ धावत आला. "व्हा बाजूला! आधीच उशीर झालाय. सील तोडलं तर साहेब मला कामावर ठेवणार नाहीत!"

"काका, फक्त एकदा ऐका!" दियाने सुरळी पुढे केली.

त्याने चिडूनच कान लावला. क्षणभराने सुरळी टाकून तो कटर आणायला धावला. "अरे देवा... मी आत न बघताच दार लावलं!"

कटरने सील तुटलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. खोक्यांच्या आड भिकाजीकाका पडले होते, हातात बूट!

सगळ्यांनी मिळून त्यांना एसीत आणलं, ओली फडकी ठेवली. कशफने अब्बांना फोन केला, ड्रायव्हरने ॲम्ब्युलन्सला.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये भिकाजीकाका खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आत मालाचे पट्टे आवळत होतो, तेवढ्यात दार लागलं. हाका मारून घसा बसला. मग बूटच आपटत राहिलो."

सोमनाथ मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता. "यापुढे आत माणूस फिरून आल्याशिवाय एकही दार लागणार नाही," अहमदचाचा त्याला म्हणाले. मग मुलांकडे वळले. "आम्ही मोठे घाईत बहिरे झालो होतो. तुम्ही ऐकलंत. शाब्बास!"

एवढ्यात गुहागरहून भिकाजीकाकांच्या पत्नी कृष्णाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याला बघून पदराने डोळे पुसत त्या मुलांना म्हणाल्या, "बाळांनो, माझा माणूस तुम्ही मला परत दिलात!"

कैवल्यने हळूच भिकाजीकाकांचा हात धरला.