सातव्या खाटेची वही

"फूटपट्टी घेऊन वर या. आत्ताच्या आत्ता."

सरांचा फोन एवढाच होता. फूटपट्टीबाईंनी चष्मा सावरला, पट्टी पिशवीत टाकली आणि दोन जिने चढायला घेतले.

विद्यापीठाच्या लेखन विभागात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याला जमाना लोटला होता. एम. ए.साठी आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पानं तपासायची, हे त्यांचं काम. डावीकडचा समास दीड इंच आहे ना, पान क्रमांक आहेत ना, मध्येच एखादं पान उलटं तर लागलं नाही ना. एकोणीस वर्षांत त्यांनी शेकडो कादंबऱ्या मोजल्या आणि एकही वाचली नाही. वाचायला लागलं की मोजणं चुकतं, असं त्यांचं ठाम मत होतं. लेखक जमातीवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जो माणूस न घडलेलं घडलं म्हणून सांगतो, त्याच्याकडून समास तरी नीट राखला जाईल कशावरून?

सरांच्या टेबलावर जुनी, पिवळी पडलेली वही होती. शेजारी एक टाइप केलेलं पत्र.

"सकाळी दाराखालून सरकवलेलं सापडलं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "वाचा."

पत्रावर सही नव्हती. मजकूर थोडक्यात असा: सिस्टरने पदवीसाठी दिलेल्या कादंबरीतलं शेवटचं प्रकरण चोरीचं आहे. तिच्याच वॉर्डात वारलेल्या एका पेशंटने ते आठ वर्षांपूर्वी या वहीत लिहिलं होतं. तिला पदवी देऊ नये. रुग्णालयालाही कळवावं.

सिस्टर म्हणजे एका मोठ्या रुग्णालयातली नर्स. वय अठ्ठेचाळीस. ड्युटी सांभाळून दोन वर्षं तिने हा अभ्यासक्रम रेटला होता. दुपारी तीनला तिची तोंडी परीक्षा होती, आणि ती झाली की पदवी. शिवाय विभाग दर तुकडीतलं एकच पुस्तक छापायचा. या वेळी ते तिचं ठरलं होतं.

"हे खरं निघालं तर पदवी जाईलच," सर म्हणाले. "पण मेलेल्या पेशंटचं चोरणाऱ्या नर्सला रुग्णालय तरी ठेवेल का? एकवीस वर्षांची नोकरी आहे तिची."

"मग मला का बोलावलंत? मी मोजते, वाचत नाही."

"मोजाच. दोन्ही मजकूर ओळीला ओळ लावून बघा. परीक्षकबाई तीनला येतील. त्याआधी मला काहीतरी ठरवायला हवं."

फूटपट्टीबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. वहीतलं अक्षर थरथरतं होतं. आजारी माणसाचं असावं तसं, किंवा तसं दिसावं म्हणून काढलेलं. पहिलंच वाक्य होतं, 'सातव्या खाटेवरची बाई चष्मा मोज्यात ठेवायची.' सिस्टरच्या कादंबरीतही तेच. पुढचंही तेच, शब्दाला शब्द. बाई एक-एक ओळ पट्टीने झाकत पुढे सरकत होत्या.

एका ठिकाणी पट्टी थांबली.

वहीत सातवी खिडकीपाशी जाऊन उभी राहते आणि पुढच्याच परिच्छेदात तिची खाट रिकामी असते. कादंबरीत मात्र या दोन्हींच्या मध्ये बराच मजकूर होता. सातवीचा नवरा खाली बाकावर फ्लास्क घेऊन बसतो. तो वर येत नाही. ती खिडकीतून त्याला बघत राहते आणि मग नर्सला काहीतरी सांगते. काय सांगते, तिकडे बाईंनी लक्ष दिलं नाही. त्या ओळी मोजत होत्या.

"एवढा तुकडा वहीत नाही," त्या म्हणाल्या.

सरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे बाकीचं सगळं चोरलं आणि एवढं स्वतःचं घातलं. पोरीने पुरतं नाक कापलं आमचं."

पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सिस्टर बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर दोन वर्षांच्या कागदांनी फुगलेली पिशवी. तिला पत्र दाखवलं तेव्हा ती रडली नाही. नुसती पांढरीफटक पडली.

"बाई, मी एकवीस वर्षांत पेशंटचा कंगवासुद्धा इकडचा तिकडे केला नाही हो."

"ते मला माहीत नाही. हे प्रकरण कोणाकोणाला दिलं होतंस?"

"फक्त कार्यशाळेत. पहिल्या वर्षी. तीन प्रती काढल्या होत्या. एक सरांना आणि दोन तुकडीतल्या दोघांना, कवीला आणि वकीलकाकांना."

"पान क्रमांक घातले होतेस?"

सिस्टर ओशाळली. "तेव्हा नव्हते. नंतर तुम्ही ओरडलात ना, तेव्हापासून घालते."

"त्या मसुद्याची तुझी प्रत आहे?"

होती. पिशवीच्या तळाशी, चुरगळलेली. बाईंनी ती मागून घेतली आणि पानं मोजत गेल्या. चौदाव्या पानाला थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"प्रती पिना मारून कुठे तयार केल्यास?"

"वॉर्डातच, ड्युटी संपल्यावर. नंतर ड्रॉवरमध्ये एक सुटं पान सापडलं होतं. वाटलं, जास्तीचं छापलं गेलं. मागच्या बाजूवर औषधांच्या वेळा लिहून टाकल्या."

"हं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

कवी व्हरांड्यात भेटला. वय तिशीचं, हसणं वयापेक्षा मोठं. उजव्या हाताच्या बोटांवर निळी शाई होती. वहीतली शाईसुद्धा निळीच होती.

"सिस्टरचं शेवटचं प्रकरण आठवतं?"

"आठवतं की."

"काय होतं त्यात?"

"काय असणार? आजारपण. एक बाई, एक खिडकी, खाली बाकावर फ्लास्कवाला नवरा. मी म्हटलं होतं, फ्लास्क उडवा, फार रडका आहे."

"सिस्टर बाद झाली तर छापायला कोणाचं पुस्तक घेणार?"

कवीचं हसू मावळलं. "माझं. म्हणून मी चोर? चांगला न्याय आहे हो तुमचा!"

"मी चोर म्हटलं का?"

"बघताय तर तसंच."

बाई खरोखरच तसं बघत होत्या. पण त्या सगळ्यांकडेच तसं बघायच्या.

सरांनाही त्यांनी विचारलं, त्या प्रकरणात काय होतं. सर आधी चिडले. गेली वीस वर्षं सरांची स्वतःची कादंबरी अर्धवट पडून होती, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. विद्यार्थिनीचं पुस्तक छापलं जात असताना त्यांच्या पोटात दुखत नसेल, असं कोण छातीठोकपणे सांगणार?

"मी म्हणालो होतो," सर शेवटी पुटपुटले, "की तिसऱ्या मजल्यावरून माणसाच्या मांडीवरचा फ्लास्क दिसेल का, याचा विचार करा. तेवढंच."

वकीलकाका वाचनालयात होते. निवृत्त झाल्यावर लिहायला शिकायचं म्हणून आलेले, सगळ्यांत ज्येष्ठ. बायको गेलेली, मुलगी दूर राहते, एवढंच त्यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही.

"ते प्रकरण? सातव्या खाटेवर एक बाई मरते. एकटी. संपलं."

"वाईट होतं का?"

"चांगलं होतं. तेच वाईट."

"सिस्टरने चोरलं असेल?"

"पुरावा बोलतो, बाई. मी कशाला बोलू?"

त्यांनी पान उलटलं. बाईंच्या लक्षात आलं की पुस्तक उलटं नसलं तरी काका ते वाचत नव्हते. डोळे एकाच ओळीवर होते.

त्या परत सिस्टरकडे आल्या. "कार्यशाळेत चर्चा कशी होते गं?"

"सगळे बोलतात, आणि ज्याने लिहिलंय त्याने तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. खुलासा नाही, वाद नाही. फक्त ऐकून लिहून घ्यायचं. सरांचा नियम आहे."

"त्या दिवशी लिहून घेतलेलं दाखव."

अडीच वाजता सरांच्या खोलीत सगळे जमले. सर, सिस्टर, कवी, वकीलकाका. फूटपट्टीबाईंनी वही आणि मसुदा शेजारी-शेजारी ठेवले. एवढ्या लोकांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्या टेबलाकडे बघूनच बोलल्या.

"वहीत एक तुकडा नाही. सर म्हणाले, तो सिस्टरने नंतर घातला. पण तो कार्यशाळेच्या मसुद्यातही आहे. आणि तो बरोबर एक पान आहे. पानाच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही."

"मग?" कवीने विचारलं.

"सिस्टरच्या छापील मसुद्यात चौदावं पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे आठ वर्षांपूर्वी वारलेल्या पेशंटला कसं कळणार? वहीतून कादंबरी आलेली नाही. मसुद्यावरून वही लिहिली आहे. तीही अशा प्रतीवरून, जिच्यात चौदावं पान लागलंच नव्हतं. ते सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये राहिलं होतं. पान क्रमांक नव्हते आणि तेरावं पान पूर्णविरामाने संपत होतं, त्यामुळे ते गेल्याचं कुणाला कळलं नाही."

सर पुढे झुकले. "ती प्रत कोणाकडे होती?"

"तुम्हाला फ्लास्क आठवतो. कवीलाही आठवतो. फ्लास्क फक्त चौदाव्या पानावर आहे."

बाईंनी सिस्टरची छोटी डायरी उघडली.

"त्या दिवशी वकीलकाका सर्वांत आधी बोलले. सिस्टरने लिहून ठेवलंय. 'खिडकीवरून थेट रिकाम्या खाटेवर. मध्ये कोणी आलं की नाही, एका शब्दाने नाही. असं लिहायला काळीज दगडाचं लागतं.' पुढे सिस्टरने प्रश्नचिन्ह काढलंय. तिला वाटलं, काकांनी नीट वाचलं नाही. पण बोलायची बंदी. आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं, काका कौतुक करतायत. माझ्या कामात पान गळलं की ते गळलेलं असतं. तुमच्यात त्याला शैली म्हणतात."

"पण नंतर आम्ही त्या बाकावरून तासभर वाद घातला," कवी म्हणाला. "तेव्हा त्यांना कळलंच असणार की."

"खाली पुढची ओळ आहे. 'काका डोकं दुखतंय म्हणून उठून गेले.'"

वकीलकाकांनी डावा हात टेबलाखाली घेतला. मग त्याचा काही उपयोग नाही हे उमगून परत वर ठेवला.

"डाव्या हाताने लिहिली," ते म्हणाले. "अकरा दिवस लागले."

"काका!" सिस्टरच्या तोंडून निघालं. "मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"चष्मा मोज्यात ठेवणारी बाई जगात दुसरी असेल? ती माझी बायको होती. माहेरचं नाव लावायची, कागदांवर सह्या मुलीने केल्या, म्हणून तुला कळलं नाही. मला पहिल्या ओळीला कळलं. ती एकटी मेली असं तू लिहिलंस. ते छापून येणार. माझी मुलगी वाचणार. ती आधीच माझ्याशी बोलत नाही, का, तर मी एकदाही वर गेलो नाही म्हणून. तक्रार केली असती तर सांगावं लागलं असतं, तो नवरा मी. तेवढी हिंमत नव्हती. म्हणून तुझ्यावर किटाळ आणलं. नीचपणा केला मी."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या रागाची जागा हळूहळू कसल्यातरी ओळखीने घेतली.

"फ्लास्क हिरवा होता," ती म्हणाली. "झाकणाला लालभडक दोरी बांधलेली."

काकांनी मान वर केली.

"रोज साडेचार ते सहा. मान खाली घालून बसायचात, तिसऱ्या मजल्यावरून चेहरा दिसायचा नाही, म्हणून दोन वर्षं शेजारी बसून मी तुम्हाला ओळखलं नाही." तिने मसुद्यातलं चौदावं पान पिनेतून ओढून काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "हे वाचा."

काकांनी कागद उचलला, पण डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना अक्षरं लागेनात. शेवटी फूटपट्टीबाईंनी तो त्यांच्या हातून घेतला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी कादंबरीतलं पान वाचलं, तेही मोठ्याने.

"'सातवी म्हणाली, सिस्टर, त्यांना वर बोलावू नका. त्यांना मला असं बघवणार नाही, घरी जाऊन ते जेवणार नाहीत. मी बघते त्यांना, हे त्यांना सांगूही नका. रोज येऊन बसतात ना खाली, मला पुरतं. मी काही एकटी नाहीये.'"

कवी खिडकीबाहेर बघत होता. वकीलकाका टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, आणि त्यांना थांबवायला कोणी गेलं नाही.

काही वेळाने सर म्हणाले, "परीक्षकबाई शेजारच्या खोलीत आल्यात. सिस्टर, पोलिसांत कळवायचं की नाही, ते तू ठरव."

"मला पदवी हवी आहे, सर. आणि माझ्या नावावरचा डाग धुऊन हवाय. तो ज्यांनी लावला, त्यांनीच धुवावा."

"पुस्तक छापणार ना?" काकांनी विचारलं.

"छापणार. एकही पान न गाळता. तुमच्या लेकीला पहिली प्रत मी स्वतः नेऊन देईन."

काकांनी चेहरा पुसला. वही उचलली, पत्र उचललं आणि कोणाची वाट न बघता शेजारच्या खोलीचं दार उघडलं.

परीक्षकबाईंनी कागदांतून वर पाहिलं. "आपण कोण? मी तर एका नर्सची वाट बघतेय."

"त्या येतायत," ते म्हणाले. "मी सातव्या खाटेचा नवरा. त्यांच्याविरुद्धचा हा खोटा पुरावा मी तयार केला. माझा जबाब आधी लिहून घ्या."

सिस्टरची तोंडी परीक्षा त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, आणि सिस्टर पहिल्या वर्गात पास झाली.